निकाल ९२ टक्के, मग आठवीतली १९ पोरं कुठे गेली? एका जिल्हा परिषद प्रशालेचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा मराठवाड्यातली, बालाघाटच्या डोंगरातल्या एका तालुक्यातली, जिल्हा परिषदेची प्रशाला, पाचवी ते दहावी. गावाचं नाव लिहीत नाही, मुलांची तर नाहीच नाही. मी तिथे गणित शिकवायचे आणि २०१७ च्या जूनपासून नववीची वर्गशिक्षिका होते. तिकडे पुणे-साताऱ्याकडे हायस्कूल म्हणलं की एखाद्या संस्थेचं हायस्कूल डोळ्यासमोर येतं, आमच्याकडे मात्र जिल्हा परिषदेची हायस्कूलं भरपूर आहेत, निजामाच्या काळातल्या सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदेकडे आल्या त्यातली ही एक.

पोरं यायची गावातून, आजूबाजूच्या तीन वस्त्यांवरून आणि एका तांड्यावरून. ज्यांच्याकडे थोडा पैसा आहे त्यांनी आपली मुलं तालुक्याला इंग्लिश मिडियमला घातलेली, पिवळी बस सकाळी गावात येऊन त्यांना घेऊन जायची. राहिले ते कोरडवाहू शेतीवाले, किराणा-शिलाईवाले दोनचार, आणि निम्म्याच्या जरा खाली ऊसतोडवाल्यांची मुलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, उचल देतो, म्हणजे मजुरीचे पैसे आगाऊ, दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, दिवाळीनंतर गाव निम्मं रिकामं, नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर नाहीतर कर्नाटकात फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतावर, कोपी (झोपडी) टाकून राहतात, परत येतात ते पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. शाळेचं दुसरं सत्र पूर्ण त्यात जातं, आणि दहावीची परीक्षा तेव्हा मार्चमध्येच असायची.

आता या मुलांसाठी सरकारने काही केलंच नाही असं नाही. हंगामी वसतिगृह आहे, म्हणजे आईबाप गेल्यावर मूल गावातच राहिलं तर त्याच्या जेवणाची सोय. मुलगा बरोबर गेलाच तर तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. पण हे सगळं शिक्षण हक्क कायद्याच्या आधाराने उभं राहिलेलं आणि तो कायदा ६ ते १४ वयाचा, पहिली ते आठवीचा. आमच्याकडे हंगामी वसतिगृह आठवीपर्यंत, दुपारची खिचडी आठवीपर्यंत, फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, आणि नापास न करण्याचा नियमही तेव्हा आठवीपर्यंतच. म्हणजे पोरगं नववीत गेलं की एकाच जूनमध्ये जेवण गेलं, पुस्तक गेलं, राहायची सोय गेली आणि वर नापास व्हायची भीती सुरू झाली. हे चारही एकाच इयत्तेला येऊन थांबतात हे मला नोकरीला लागून इतकी वर्षं होऊनही कधी एकत्र दिसलं नव्हतं.

अडचण काय होती

जून २०१७ मध्ये दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ८८.७४ टक्के, आमचा ९२.८६. बेचाळीस बसले, एकोणचाळीस पास. गावात पेढे वाटले, ग्रामपंचायतीने फ्लेक्स लावला, मुख्याध्यापक सरांचा सत्कार झाला आणि आम्हा शिक्षकांनाही खरोखर आनंद झाला, त्यासाठी गणिताच्या शिक्षकाला काय काय करावं लागतं ते ज्याचं त्याला माहीत.

पेढे घेऊन एक आजी आल्या नाहीत, तर विचारायला आल्या. म्हणल्या, मॅडम, आमच्या नातवाचा निकाल कधी लागायचा. मी नाव बघितलं तर पोरगा आमच्या यादीत नव्हता. तो नववीत नापास झाला होता, त्याला शाळेनेच १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगितला होता, म्हणजे बाहेरून परीक्षा. तो परीक्षेला गेलाच नव्हता, फडावर होता, आणि आजीला वाटत होतं की तो अजून आमच्याच शाळेत आहे.

त्या आठवड्यात मी आणि शाळेचे लिपिक बसलो, जनरल रजिस्टर, टीसीचं बुक आणि जुने हजेरीपट काढले. प्रश्न साधा होता: २०१४-१५ ला आठवीत जी मुलं होती तीच मार्च २०१७ ला दहावीला बसायला पाहिजे होती, तर ती सगळी बसली का.

आठवीत ६१ होती. दहावीला बसली ४२. मधली १९ गेली कुठे? सहा जणांना १७ नंबरचा फॉर्म, तीन जणांनी रीतसर टीसी नेलेली, आणि दहा जणांची नोंदच नाही, नाव नुसतं पटावरून कमी झालेलं.

मग मी नावापुढे पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली की आईबाप सिझनला जातात का. आमच्या शाळेच्या कुठल्याच रजिस्टरला असा रकाना नव्हता. जातीचा प्रवर्ग आहे, मुलगा-मुलगी आहे, दिव्यांग आहे, बीपीएल आहे, सगळं आम्ही दरवर्षी ऑनलाइन भरतो, पण ज्या एका गोष्टीने या मुलांचं वर्ष ठरतं ती कुठेच लिहिलेली नाही. गावातलीच माणसं असल्याने शिपाई मामांनी अर्ध्या तासात सगळ्यांचं सांगितलं. ६१ पैकी २७ जणांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. आणि जी १९ गळाली त्यातली १६ या २७ मधली.

म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या २७ पैकी ११ दहावीला बसली, ९ पास झाली. बाकीच्या ३४ पैकी ३१ बसली, ३० पास. एकाच शाळेत, एकाच छताखाली, तेच शिक्षक, आणि एका गटातली जवळपास सगळी पोरं पार तर दुसऱ्यातली तिसरा हिस्सा. आमचा ९२ टक्के निकाल शिकवण्याने थोडा आणि गळतीने बराचसा तयार झाला होता. हे मी त्या दिवशी लिपिकांना बोलून दाखवलं नाही, पण त्यांनाही कळलं होतं, ते रजिस्टर मिटून नुसते बसून राहिले.

यात कोणी दुष्ट होतं असं मला आजही वाटत नाही. नववीत कच्ची मुलं थांबवायची, त्यातली काही १७ नंबरला लावायची, हे खूप ठिकाणी चालतं आणि प्रत्येक जण ते मुलाच्या भल्याचंच समजून करतो, की उगाच दहावीला नापासाचा शिक्का कशाला. मी पण त्या नववीच्या पेपरांवर सह्या केल्या होत्या.

पोरांना नेमकं काय येत नव्हतं

इथे जरा थांबते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं म्हणणं एकच, की ही मुलं मुळात कच्ची, घरी वातावरण नाही, तांड्यावरच्यांना तर घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात म्हणून मराठीच धड येत नाही. मी नववीच्या त्या नव्या वर्गाची जुलैमध्ये एक साधी चाचणी घेतली, पाचवी ते आठवीच्या पुस्तकांतली उदाहरणं, प्रत्येक इयत्तेची पहिल्या सत्रातली काही आणि दुसऱ्या सत्रातली काही.

पेपर तपासताना लक्षात आलं की ऊसतोडवाल्या मुलांची उत्तरं विचित्र होती. पहिल्या सत्राचं त्यांना बरंच येत होतं, काहींना तर बाकीच्यांपेक्षा चांगलं. दुसऱ्या सत्राचं पान कोरं. सरळव्याज, क्षेत्रफळ, असलं जे आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत शिकवलं जायचं ते त्यांनी आयुष्यात ऐकलेलंच नव्हतं, कारण दुसरीपासून दर वर्षी ते तेव्हा फडावर होते. जी मुलं मधली दोन वर्षं हंगामी वसतिगृहात राहिली होती त्यांच्यात तेवढ्याच दोन वर्षांचं दुसरं सत्र भरलेलं. डोकं कच्चं असतं तर सगळीकडेच कच्चं दिसलं असतं. इथे प्रत्येक पुस्तकाचा मागचा अर्धा भाग फाडून नेल्यासारखा होता.

मी ते पेपर स्टाफरूममध्ये टेबलावर मांडून ठेवले, काही बोलले नाही. विज्ञानाचे सर सगळ्यात जास्त विरोधात होते, त्यांनीच संध्याकाळी येऊन सांगितलं की माझ्या विषयाचं पण असंच काढून बघतो.

समोर काय काय पर्याय होते

पहिला पर्याय, आहे तसं चालू द्यायचं. मुख्याध्यापक सरांचं म्हणणं मी इथे प्रामाणिकपणे लिहिते कारण ते चुकीचं म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. ते म्हणले, मॅडम, रिझल्ट पडला तर गावातली जी चांगली पोरं राहिलीत ती पण तालुक्याला जातील, पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षक अतिरिक्त ठरणार, गणिताला तुम्ही आहात तर तुमचंच पद जाईल, मग या ऊसतोडवाल्यांना शिकवणार कोण? यात तथ्य होतं. मी एवढंच म्हणलं की सर, पट आत्ताच कमी होतोय, नववी-दहावीत १९ जण कमी झालेच की, ते आपण मोजलं नाही म्हणून दिसलं नाही. त्या दिवशी निर्णय झाला नाही, तीन आठवडे झाला नाही.

दुसरा, पोरं आईबापाबरोबर जाऊ द्यायची आणि तिकडच्या शाळेत बसवायची. कारखान्याजवळच्या साखरशाळा लहान मुलांपुरत्या. हायस्कूल फडापासून लांब, टोळी दर काही दिवसांनी दुसऱ्या गावच्या फडात जाते, आणि नववी-दहावीतला मुलगा तिथे गेला की शाळेत जात नाही, मोळ्या बांधतो, वाढं (उसाचे शेंडे) गोळा करतो, लहान भावंडं सांभाळतो. एका बापाने सरळ सांगितलं, मॅडम, डोळ्यासमोर काम पडलेलं असल्यावर पोराला पुस्तक घेऊन बस कसं म्हणू. हा पर्याय लवकर सोडला.

तिसरा, तालुक्याचं समाजकल्याणचं वसतिगृह. जागा मोजक्या, प्रवेश यादीने, आणि मुलींना तिथे ठेवायला एकही घर तयार नाही.

चौथा, मुलांनी सिझनमध्ये गावातच राहायचं, आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे, आणि संध्याकाळी शाळेत अभ्यास आणि जेवण. यात सगळ्यात जास्त काम आपल्याला, पैसा कुठून येणार माहीत नाही, आणि जबाबदारी मोठी, एखादं काही झालं तर लोक शाळेला धरणार.

आम्ही चौथा घेतला. मुख्याध्यापक सर तयार झाले ते माझ्या बोलण्याने नाही. शाळा समितीच्या बैठकीत एक मुकादमच उठून म्हणाला की माझ्या टोळीतली पोरं मी नेत नाही, त्यांच्या बापाला मी सांगतो, तुम्ही इथं बघा. मुकादम स्वतःहून म्हणतोय म्हणल्यावर सरांना गावाचा आधार वाटला असावा. त्यांनी दोन अटी घातल्या, खोटी हजेरी लावायची नाही आणि मुलींची संध्याकाळची जबाबदारी लेखी कोणीतरी घ्यायची. दहावीला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, आणि गैरहजर मुलाला हजर दाखवणं हा सगळ्यात सोपा रस्ता असतो, तो सरांनी पहिल्याच दिवशी बंद केला त्याबद्दल मी त्यांचा अजून आदर करते.

काय केलं

ऑगस्टमध्ये, म्हणजे उचल वाटायच्या दिवसात, घरोघर गेलो. हे वेळेचं फार महत्त्वाचं आहे. दसऱ्याला गेलं तर उशीर झालेला असतो कारण तोपर्यंत मुलाचा अर्धा कोयता धरून हिशोब झालेला असतो, बापाने पैसे घेतलेले असतात, मग तो इच्छा असली तरी मुलाला मागे ठेवू शकत नाही. प्रत्येक घरासाठी एका वहीत तीनच गोष्टी लिहिल्या: सिझनला घरी कोण राहणार, त्यांचा फोन, आणि लहान भावंडं बरोबर जाणार की मागे राहणार. तिसरा प्रश्न मी सुरुवातीला विचारत नव्हते, सातव्या-आठव्या घरी एका आईने ऐकवलं तेव्हा कळलं.

ती म्हणली, पोरगी मागं ठिवते, पण धाकटी दोघं पण मागंच राहतील मग, त्यांना करून कोण घालणार, म्हातारीला दिसत नाही. म्हणजे मुलगी शिकायला मागे राहिली तर ती पाच माणसांचा स्वयंपाक करायला मागे राहिली. मुलगा राहिला तर आजीने केलेलं जेवून शाळेत यायचा. कागदावर दोघं सारखे, पटावर दोघं हजर. आमची अभ्यासिका संध्याकाळी सात ते नऊ ठेवली होती आणि पहिल्या महिन्यात तिथे मुली दोनच यायच्या. आम्ही कारण शोधत बसलो, अंधार, रस्ता, लोक काय म्हणतील, आणि कारण होतं चूल. मग धाकट्या भावंडांचं नाव हंगामी वसतिगृहाच्या जेवणात घालून घेतलं, त्यांची सोय तिकडे लागली, आणि मुलींसाठी वर्ग सकाळी साडेसातला केला, शाळेच्या आधी. त्यानंतर अकरापैकी नऊजणी येऊ लागल्या.

नववी-दहावीच्या मुलांच्या जेवणाला कुठल्याच योजनेत बसवता येईना. गावातून ज्वारी, डाळ, गूळ गोळा केला, स्वयंपाकाला खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाच विचारलं आणि त्यांना महिना ठराविक पैसे आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून दिले. हे काही कौतुकाने सांगत नाही, हे वर्षानुवर्षं चालणारं नाही आणि चालू नये, त्यासाठी सरकारी तरतूद पाहिजे.

शिकवण्यात बदल एवढाच, की पहिले दोन महिने मी नववीचं पुस्तक हळू चालवलं आणि मागच्या पुस्तकांचा तो न शिकलेला भाग आधी घेतला. दुसरी गोष्ट, नववीचे जे धडे दहावीला लागतात ते जून ते सप्टेंबरमध्येच संपवले, म्हणजे एखादा तरीही गेलाच तर निदान ते घेऊन जाईल. आणि बुधवारी संध्याकाळी आईबापांना फोन, शाळेतून, मुलाच्या समोर. फडावर रेंज मिळेल तेव्हा. या फोनचं महत्त्व मी आधी ओळखलं नव्हतं, मुलं पळून फडावर जायची ती अभ्यासाला कंटाळून जायची असं आम्हाला वाटायचं, खरं तर त्यांना आईची आठवण यायची, चौदा वर्षांचीच ती.

एक चूक पहिल्याच महिन्यात झाली ती लिहायलाच पाहिजे. मी यादीला वर्गात ऊसतोड गट म्हणलं, मोठ्याने, नावं वाचून. दोन दिवसात ते चिडवायचं नाव झालं, ए कोयता म्हणून. तांड्यावरची तीन पोरं आठवडाभर आली नाहीत. मी तांड्यावर जाऊन माफी मागितली आणि अभ्यासिका सगळ्यांना खुली केली, ज्याला यायचं त्याने या. गावातली पोरं पण येऊ लागली, जेवायला पण बसू लागली, मग गट राहिलाच नाही. यादी फक्त माझ्या वहीत राहिली.

सगळ्यात अवघड निर्णय एप्रिल २०१८ ला आला. नववीच्या वार्षिक परीक्षेत चौदा जण खाली राहिले. जुन्या पद्धतीने ते चौदा जण थांबले असते आणि दहावीचा निकाल सुरक्षित राहिला असता. स्टाफची मतं अर्धी-अर्धी होती. एक मत असं की तयारी नसताना पुढे ढकलणं हा पण अन्यायच आहे, आणि हे मला पूर्ण चूक वाटत नव्हतं. शेवटी ठरलं की मे महिन्यात सराव द्यायचा, जूनला पुन्हा परीक्षा घ्यायची, जो मनापासून बसेल त्याला पुढे न्यायचं, आणि १७ नंबरचा फॉर्म शाळेने स्वतःहून कोणालाच सुचवायचा नाही. मे मधला सराव म्हणजे आम्ही घरी करायला उदाहरणं दिली आणि सुट्टीवर गेलो. याचं पुढे सांगते.

मग २०१८ चा पाऊस गेला. ऑक्टोबर अखेर सरकारने १५१ तालुक्यात दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्याकडची जी घरं कधी ऊसतोडीला जात नव्हती ती पण गेली. अभ्यासिकेत पोरं वाढली, ज्वारी देणारी घरं कमी झाली. जानेवारीनंतर चारा छावण्या सुरू झाल्या तेव्हा काही आजोबा जनावरं घेऊन छावणीवर राहायला गेले, आणि ज्यांच्या भरवशावर पोरं मागे ठेवली होती तेच घरी नाहीत अशी वेळ आली. आठ मुलगे तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये झोपायचे, शिपाई मामा आणि विज्ञानाचे सर आळीपाळीने थांबायचे.

काय झालं

मार्च २०१९ ची बॅच ही आमची पहिली पूर्ण बॅच. त्यांच्या वेळी आठवीत ५८ होती, दहावीला बसली ५३, पास झाली ४१. निकाल ७७.३६ टक्के.

म्हणजे ९२ वरून ७७. गावात जे बोलायचं ते बोललं गेलं. पेढे नाहीत, फ्लेक्स नाही, तालुक्याच्या मीटिंगमध्ये सरांना उभं करून कारण विचारलं गेलं. पण त्या वर्षी राज्याचाच निकाल ८९.४१ वरून ७७.१० वर आला होता, कारण भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढले होते, आणि दहावीचा अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा आला होता. आमची घसरण किती या पोरांमुळे आणि किती त्या बदलामुळे हे वेगळं काढता येत नाही, आणि मी तसा दावा करणार पण नाही.

वेगळं काढता येतं ते एवढंच. आठवीपासून मोजलं तर आधीच्या बॅचचे ६१ पैकी ३९ पास, या बॅचचे ५८ पैकी ४१. टक्का पडला, पण आठवीतली जास्त मुलं दहावी पास झाली, तीही राज्याचा निकाल कोसळला त्या वर्षी. ऊसतोडवाल्यांची २६ होती, त्यातली २२ बसली, १४ पास. आधी २७ मध्ये ९. बाकीच्या ३२ पैकी ३१ बसली, २७ पास. जी १२ राहिली त्यातली पाच जुलैच्या फेरपरीक्षेत सुटली, चार ऊसतोडवाल्यांची होती. जुलैची ही सोय २०१५ पासून आहे पण आमच्या शाळेतून आधी कोणी फॉर्मच भरत नव्हतं.

२०२० चा निकाल मी यात घेत नाही. त्या वर्षी अंतर्गत गुण परत आले, भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला, राज्याचा निकाल ९५.३० लागला, त्याच्याशी कशाचीच तुलना होत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं, निकालाबरोबर आठवीचा पट सांगायचा, पहिल्या वर्षापासून, गावासमोर. आम्ही तो आकडा स्टाफरूममध्ये ठेवला. २०१७ लाच ग्रामसभेत सांगितलं असतं की आपली १९ पोरं गेली, तर २०१९ ला सरांना एकट्याला उत्तर द्यावं लागलं नसतं. लोकांना फक्त टक्का माहीत होता म्हणून त्यांनी टक्क्यावरून बोललं.

दुसरं, चाचणी नववीत नाही, सहावीत घ्यायची. तोपर्यंत चार-पाच दुसरी सत्रं गेलेली असतात, पण भरून काढायला वेळ असतो. नववीत आम्ही जे केलं ती धावपळ होती.

तिसरं जे आहे ते मला जास्त लागतं. २६ मधली चार पोरं दहावीला बसली नाहीत. एकाने टीसी नेली. एक मुलगा वडिलांबरोबर गेला, कर्ज होतं. आणि दोन मुली, दोघीही सकाळच्या वर्गाला एक दिवस न चुकवणाऱ्या, नववीच्या मे महिन्यात दोघींची लग्नं झाली, पंधरा-पंधरा वर्षांच्या. आम्ही सगळी योजना नोव्हेंबर ते मार्चसाठी केली होती. धोका सिझनमध्ये आहे असं धरलं होतं. पण आईबाप पाडव्याला परत येतात, हातात थोडा पैसा असतो, पुढच्या सिझनला मुलगी मागे ठेवायची भीती मनात असते, आणि शाळा बंद असते. म्हणजे मुलीसाठी सगळ्यात वाईट दोन महिने ते जेव्हा आम्ही कोणीच गावात नसतो. आणि आम्ही तर मे मध्ये सराव म्हणून कागद देऊन निघून गेलो होतो. एकीची आई नंतर भेटली, ती म्हणली, मॅडम, तुम्ही पाच महिने संभाळली, पुढं काय करावं आम्ही. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

बालविवाह प्रतिबंधक अधिकारी गावात ग्रामसेवक असतो, मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ नंबरला फोन करता येतो, हे आम्हाला माहीत होतं. पण फोन करण्याच्या आधीची जी वेळ असते, म्हणजे एप्रिलमध्ये घरी जाऊन बसणं, पुढच्या सिझनची सोय आत्ताच पक्की आहे असं आईला सांगणं, ते केलं नाही. ऑगस्टमध्ये गेलो तसं एप्रिलमध्ये जायला पाहिजे होतं. त्या आईला जी भीती होती तिचं उत्तर आमच्याकडे होतं, सकाळचा वर्ग, भावंडांचं जेवण, सगळं चालूच राहणार होतं, फक्त तिला ते कोणी सांगितलं नाही.

जून २०१९ ला मी वहीत नव्या आठवीची नावं लिहिली. ५५ मध्ये २४, त्यात मुली दहा. सिझनला घरी कोण, फोन, भावंडं, या तीन रकान्यांपुढे चौथा आखला आणि वर एप्रिल-मे असं लिहिलं. त्याच महिन्यात माझी बदली झाली. वही नव्या मॅडमच्या हातात दिली तेव्हा पहिले तीन रकाने भरलेले होते, आणि त्यांनी विचारलं की हा चौथा कधी भरायचा, मी म्हणलं परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी निघायचं, आधी तांड्यापासून.